जर्दाळूच्या लाकडाची सलामुरी

एतेरीचा फोन आला तेव्हा रहमान भाताचं पातेलं उतरवत होता. ती म्हणाली, कंत्राट संपलं, शनिवारी जाते, आता परत येणार नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. तेवढी ती वस्तू न्यायला शुक्रवारी संध्याकाळी येऊ का?

"हां हां, जरूर. इन्शाल्ला," रहमान म्हणाला आणि फोन हातात धरून उभा राहिला. तोवर भात खाली लागला.

ती वस्तू म्हणजे सलामुरी. एतेरी जॉर्जियाची. तिकडे डोंगरात मेंढरं राखणारे लोक ही वाजवतात. दीड वीत लांब, गुळाच्या रंगाची. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याला एक. तोंड शिट्टीसारखं, आत लाकडाचीच एक गुटी बसवलेली आणि तिच्यावरून वारा जायला बारीक फट. एतेरीच्या वडिलांनी जर्दाळूचं लाकूड कोरून ती स्वतः केली होती.

रहमान श्रीवर्धनचा. कतारात, दुखानला एका तेलकंपनीच्या कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळायचा. कंपनीच्या वसाहतीत घर होतं, गाडी होती, बायको होती, सुहाना नावाची एक मुलगी होती. आता बायको नव्हती. नफिसा थंडीत गेली. तिच्या फुप्फुसांना आतून घट्टे पडत गेले आणि शेवटी वाऱ्याला आत जागाच उरली नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हे मागे फिरत नाही. रहमानने ते ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं.

एतेरी तेव्हा आली. श्वासाचे व्यायाम शिकवायला दवाखान्यातून आठवड्याला घरी यायची. उंच, रुंद हाडाची, पांढरे केस बारीक कापलेले. पहिल्यांदा तिने प्लास्टिकचं यंत्र दिलं, तीन गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. नफिसाची एकसुद्धा चढेना.

"ह्यो गोट्यांचा खेल मी न्हानपनी पन हरत होते," नफिसा म्हणाली आणि यंत्र खाटेखाली सारलं.

पुढच्या वेळी एतेरीने पिशवीतून सलामुरी काढली. म्हणाली, "याला जोर लागत नाही. फुंकायचं नाही, नुसतं सोडायचं." मग खाटेजवळ बसून तिने स्वतः एक धून वाजवली. हळू, खालच्या सुरात. वाजवून झाल्यावर तिने सांगितलं, "आमच्याकडे मूल तापाने, फोडांनी पडलं की म्हणतात घरी पाहुणा आला. त्याला रागवायचं नाही. उशाशी गोड वाजवायचं. खूश झाला की आपणहून उठून जातो."

सुहानाने ते आईला मराठीत सांगायची गरज पडली नाही. नफिसाला तेवढं इंग्रजी कळायचं. ती हसली, हसताना खोकली आणि म्हणाली, "आमच्या आळीत पन गोवर आयली की फोडनी देत नव्हते. कोलनी येऊन सांगायच्या, बाय आयली हाय, वास नको करू. पन ती चार दिवस ऱ्हायची नि जायची. ह्यो तर बिऱ्हाड घेऊन आयलाय."

ती शिकली मात्र. दुपारी ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर चालू असायची आणि तिच्यावरून सलामुरीचा आवाज यायचा. एतेरीची धून तिला एका दमात जमत नसे. मध्येच श्वास संपायचा. मग ती थांबायची, वारा घ्यायची आणि जिथे सोडलं तिथे न धरता एक पायरी खालून धरायची. शेवट तर तिने साफ बदलला. हळदीला तिच्या खाला, म्हणजे मावश्या, जे गाणं म्हणायच्या त्यातला एक तुकडा तिने शेपटीला जोडला. एतेरीने ऐकलं आणि म्हणाली, "हे आता आमचं राहिलं नाही. हे तुझं." नफिसाला त्याचा फार अभिमान वाटला. जो येईल त्याला ती सांगायची, मी एक गाना बनवलाय.

तो गाना रहमानला येत नव्हता. त्याला सुराचं अंगच नव्हतं. गुणगुणायला गेला की दोन वळणांनंतर त्याची धून गाडी रिव्हर्स घेताना वाजते तशी व्हायची. रेकॉर्डही केलेला नव्हता. एकदा त्याने फोन समोर धरला तर नफिसाने हात आडवा घातला. "नाकात नली घातलेला फोटो नको नि आवाज पन नको. मी मेल्यावर बसशील लोकांना दाखवत."

तो गाना सुहानाला येत होता. दुपारी आईशेजारी बसून तिनेच तो शिकून घेतला होता. नफिसाची बोटं थकली की सुहाना वाजवायची आणि नफिसा डोळे मिटून चुका काढायची. नफिसा गेल्यापासून सुहानाने सलामुरीला हात लावला नव्हता. रहमाननेही कधी म्हटलं नव्हतं. आज वाजवील, उद्या वाजवील. पोरीचं दुःख आहे, ओल धरून आहे, आपण खणायचं नाही, असं तो मनाशी म्हणायचा. सलामुरी कपाटात नफिसाच्या ओढणीत गुंडाळलेली होती. घरात आहे तोवर घाई नव्हती.

आता घाई होती. शनिवारी सलामुरी जाणार. ती गेली की नफिसाचा गाना या जगात कुठेच वाजणार नाही. रहमानला एकदा, फक्त एकदा तो ऐकायचा होता. दुसरं काही त्याने सहा महिन्यांत मागितलं नव्हतं, माणसांकडे नाही आणि अल्लाकडेही नाही.

गुरुवारी कामावरून आल्यावर त्याने ओढणीसकट सलामुरी सुहानापुढे ठेवली. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन फोन बघत होती. सोळा वर्षांची पोर. समजायचं सगळं, बोलायची इंग्रजीत.

"एतेरी उद्या न्यायला येनार हाय," तो म्हणाला. "जाताना एकदा वाजव. अम्मीचा."

सुहानाने ओढणीकडे पाहिलं, सलामुरीकडे पाहिलं नाही. "नॉट नाऊ, बाबा."

"मग कवा? उद्या नेनार ती."

"इट्स ड्राय," ती म्हणाली. "बघ ना, किती दिवस पडून आहे. वाजणार नाही ती. ऑइल लागतं त्याला. एतेरी आंटी लावायची." आणि उठून खोलीत गेली.

रहमानला बरं वाटलं. पोरगी नाही म्हणाली नव्हती. तेल लागतं म्हणाली होती. तेल लावणं त्याच्या हातातलं होतं.

एतेरी अक्रोडाचं तेल लावायची. ते रहमानला माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्याला तेल म्हणजे एकच तेल. डोक्याला तेच, पायाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, नव्या पाट्या-वरवंट्याला तेच. हजराआपा, त्याची थोरली बहीण, वाडीतल्या नारळांचं खोबरेल काढून दर खेपेला कुणा ना कुणाबरोबर बाटली पाठवायची. शेगडीजवळ असायची म्हणून पातळ राहिलेली ती बाटली त्याने टीपॉयवर आणली, कापसाचा बोळा केला आणि सलामुरीला आतून-बाहेरून तेल पाजलं. लाकूड तहानलेलं होतं, पीत गेलं. फटीतही त्याने चार थेंब सोडले. लाकडाचा रंग असा उघडला की नफिसाच्या हातात होती तशी ती दिसायला लागली. त्याने ती टीपॉयवर उभी करून ठेवली, समाधानाने हात पुसले आणि त्याच हाताने स्वतःच्या डोक्याला तेल लावलं.

सकाळी सलामुरी पांढरी होती. भोकाभोकात खोबरेल थिजून बसलं होतं आणि तोंडाची फट मेणाने भरल्यासारखी बंद. त्याने फुंकून पाहिलं. गाल फुगले, वारा आत गेला नाही.

घरात एसी अठरावर होता. नफिसा असताना ऑक्सिजनच्या यंत्राने खोली तापायची म्हणून अठरावर ठेवलेला, तो तिथेच राहिला. जुलैत दुखानला एसी बंद करायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. भिंत जशी असते तसा तो असतो.

रहमानने सलामुरी काखेत धरली. हातांत चोळली. दात कोरायच्या काडीने फटीतलं तेल उकरलं, थोडं निघालं, थोडं आणखी आत गेलं. गरम पाण्यात धरावी असं मनात आलं, पण पाणी लावायचं नाही असं एतेरी नफिसाला बजावायची ते त्याला आठवत होतं. तेवढं एकच आठवत होतं.

जुम्म्याची नमाज पढून तो परत आला तेव्हा हजराआपाचा फोन आला. दर शुक्रवारी यायचा.

"जेवलास काय? पोर जेवते काय? आवाज असा काय तुजा?"

त्याने सांगितलं. 

"पावा? घरात मय्यत झालेला साल उलटला नाय नि तू पाव्याला तेल लावत बसलायंस?"

"नफिसाचा हाय आपा. म्हंजे नफिसा वाजवायची. आज परत द्यायचाय."

नफिसाचं नाव निघालं की आपाचा आवाज उतरायचा. "बरा. मग थिजला त्यात रडन्यासारका काय हाय? थंडीत आमी बाटली काय करतो? अंगनात उनात ठेवतो. येवढा पन कलत नाय तुला? कतारला उनाचा काय दुकाल पडला?"

रहमान हसला. खरंच की. डिसेंबरात सकाळी आई तेलाची बाटली तुळईवरून काढून अंगणातल्या पायरीवर ठेवायची आणि अंघोळीला पाणी तापेपर्यंत तेल पातळ व्हायचं. लाकूड तर जन्मभर उन्हातच उभं असतं. उन्हाला ते काय घाबरणार?

अंगण नव्हतं, गाडी होती. बाहेर ठेवली तर वाळू बसेल म्हणून त्याने गाडीत ठेवली, डॅशबोर्डवर, खाली स्वच्छ नॅपकिन घालून. काचा बंद. अर्धा तास पुष्कळ, असा हिशेब करून तो आत आला.

सुहानाने डाळ गरम केली होती. दोघं जेवली. "तेल पातल झाला की वाजेल," तो म्हणाला. "एतेरी यायच्या आधी एकदा आपल्या दोघांतच वाजव. नंतर तिच्यासमोर वाजव."

सुहानाने ताटात बोट फिरवलं. "बाबा, समजा नाही वाजली तर?"

"वाजेल गं. तेल लावलाय मी."

जेवून तो जरा आडवा झाला. नफिसा गेल्यापासून त्याला धड झोप नव्हती. डोळा लागला की यंत्र बंद पडल्यासारखं वाटून तो दचकून उठायचा. आज तसं झालं नाही. संध्याकाळी गाना ऐकायचा आहे, एवढं एकच मनात होतं आणि त्या भरवशावर तो झोपला. इतकं गाढ झोपला की घोरला.

"बाबा," सुहाना त्याला हलवत होती. "बाबा, असरची अजान झाली. गाडीत होती ना ती?"

तो अनवाणी धावला. फरशीचा चटका तळव्यांना कळला तोही गाडीशी पोचल्यावर. दाराची मूठ हाताला भाजली. आतून भट्टीसारखा वारा अंगावर आला आणि त्याला खोबरेलाचा वास होता.

तेल पातळ झालं होतं. नॅपकिन भिजून डॅशबोर्डला चिकटला होता. सलामुरी तोंडापासून तिसऱ्या भोकापर्यंत उभी चिरली होती. तोंडातली गुटी आटून सुटली होती आणि शेजारी पडली होती, दाण्यासारखी.

रहमान गाडीत बसला. दार उघडंच राहिलं. वस्तू हातात घेण्याइतकी निवेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता. सुहाना उंबऱ्यात उभी होती.  तिच्या चेहऱ्यावर त्याला राग दिसला नाही, आणि राग का नाही हे त्याला त्या वेळी कळलं नाही.

माणूस स्टोअरमधला. त्याने गुटी परत दाबून बसवली आणि चिरेवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, घट्ट, वेढ्यावर वेढा. वाजवून पाहायची हिंमत त्याला झाली नाही. दारावरची बेल वाजली तेव्हा टेपचं टोक अजून त्याच्या दातांत होतं.

एतेरी आत आली, चप्पल दाराशी काढली. ती रीत तिने याच घरात उचलली होती. हातात दोऱ्यात ओवलेल्या, द्राक्षाच्या रसात बुडवून सुकवलेल्या अक्रोडांची माळ होती. "सुहानासाठी," ती म्हणाली. मग खाट होती त्या जागेकडे तिची नजर गेली. तिथे आता इस्त्रीचं टेबल होतं.

रहमानने चहाचंही विचारलं नाही. सलामुरी दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे केली आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तेल, एसी, ऊन, झोप. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. शेवटी म्हणाला, "सॉरी, सिस्टर. व्हेरी सॉरी."

एतेरीने सलामुरी घेतली. टेपवरून अंगठा फिरवला. खिडकीकडे नेऊन उजेडात धरली. तिने ती कानाशीही नेली, लहान मुलं शिंपला नेतात तशी. चेहरा हलला नाही.

"दुरुस्त होईल?" रहमानने विचारलं.

"नाही."

"तुमचे वडील..."

"त्यांचे हात आता कापतात. दुसरी करणार नाहीत." ती म्हणाली, "ते रोज विचारतात, माझी जर्दाळूची कुठे आहे. मी सांगायची, एका आजारी बाईपाशी आहे, तिच्या कामाला येते. मग ते गप्प बसायचे."

रहमानला वाटलं तिने ओरडावं. हजराआपा असती तर सात पिढ्या काढल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं. ही बाई नुसती उभी होती.

तेवढ्यात सुहाना पुढे आली आणि तिने हात केला. "मे आय?"

एतेरीने सलामुरी तिच्या हातात दिली.

सुहाना जमिनीवर बसली, इस्त्रीच्या टेबलाशी, आईच्या उशाशी बसायची तशीच. तिने ओठ लावले. सूर आला नाही. नुसता वारा आला. चिरेतून, टेपच्या वेढ्यांतून, गुटीच्या कडेने बारीक फुसफुसत. ती थांबली नाही. तिची बोटं भोकांवर उघडू-मिटू लागली. मध्येच ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरू झाली. रहमान तिच्या बोटांकडे बघत होता. गाना समोर चालला होता आणि त्याला त्यातला एकही सूर ऐकू येत नव्हता. ऐकू येत होता तो फक्त श्वास. आत जाताना अडकणारा, बाहेर येताना शिट्टी व्हायला निघून न होणारा. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. शेवटचे कितीतरी दिवस नफिसाच्या छातीतून हाच येत होता. तो ऐकू येऊ नये म्हणून रहमान घरघरतं यंत्र जवळ ओढायचा.

एतेरीनेही तो ओळखला. तिने तोंडावर हात धरला आणि भिंतीकडे वळली.

"बस कर," रहमान म्हणाला. "बस कर गं."

सुहानाने सलामुरी खाली घेतली. एतेरीने ती घेतली, टेप काढली नाही, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. "ही मी नेते. त्यांच्या हातात देईन. त्यांना आता नीट ऐकू येत नाही," ती म्हणाली. दाराशी तिने चप्पल घातली, सुहानाच्या केसांवरून हात फिरवला, रहमानला मानेने निरोप दिला आणि गेली. तिची टॅक्सी वळणापलीकडे जाईपर्यंत मगरिबची अजान सुरू झाली.

रहमान नमाज पढून उठला तरी सुहाना तिथेच जमिनीवर बसली होती. अक्रोडांची माळ तिच्या मांडीवर होती.

"बाबा," ती म्हणाली. घरच्या भाषेत बोलायची तिची सवय मोडलेली होती, म्हणून ती शब्द शोधत बोलत होती. "मना गाना येत नाय."

"काय?"

"अम्मीचा गाना. मना आठवतच नाय. अम्मी गेली नि दुसऱ्याच आठवड्यात मी बघितला, तर अर्ध्यावर संपतो. पुढचा येत नाय. मग तो अर्धा पन गेला. आता मी नुसती बोटं हलवली."

रहमान तिच्यापुढे जमिनीवर बसला.

"तेल लागतं असा मी उगाच बोलले," ती म्हणाली. "तू विचारू नये म्हनून."

 रहमानला रागही आला नाही, धीर द्यावा एवढं बळही आलं नाही. तो उठला आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून भिंतीपाशी गेला आणि त्याने एसी बंद केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पंख्याचा आवाज गेला आणि घर पहिल्यांदा पूर्ण गप्प झालं. यंत्र नाही, एसी नाही, काही नाही.

दोघं तशीच बसली. हळूहळू खोलीत बाहेरची गरमी शिरायला लागली. सुहानाच्या कपाळावर घाम आला तरी ती उठली नाही.

रात्री इशाच्या नमाजासाठी रहमान हातपाय धुऊन वजू करायला उठला तेव्हा टीपॉयवरची खोबरेलाची बाटली त्याला दिसली. तेल पूर्ण वितळलं होतं. पाण्यासारखं स्वच्छ. त्याने बाटली उचलून उजेडात धरली, मग झाकण घट्ट लावलं आणि कपाटात, ओढणी होती त्या जागी ठेवून दिली.